वाट बघणारी रेघ

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रविवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. भुताच्या गोष्टीला जे काही लागतं त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी ही ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी मला वेड्यात काढलं. काढा. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण आहे, आणि माझी ताई खोटं बोलत नाही.

म्हणजे... आयुष्यात दोनदाच बोलली.

त्या दोन वेळांचीच ही गोष्ट आहे.

ताई एका संशोधन संस्थेत काम करते. माणसाच्या शरीरातून, झाडांतून, कुठून कुठून विजेचे संकेत निघतात म्हणे. इतके बारीक की ते मोठे केल्याशिवाय कळतच नाहीत. ते मोठे करून कागदावर उतरवायचे, हे तिचं काम. मोठं करणाऱ्या डब्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. मला घरातला दिवा बदलायचा असला तरी ताईला फोन करावा लागतो, त्यामुळे पुढचं सगळं तिच्याकडून ऐकलेलं. काही चुकलं तर माझं डोकं समजा.

हे काम तिला शिकवलं आमच्या मामांनी. आईचे सख्खे भाऊ, आणि त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे डोक्याला ताप होता. त्यांचा एकच हेका असायचा. संकेत कुठून येतोय ते आधी बघा. जोरकस आहे की मरतुकडा, भरभर येतोय की सावकाश, ते बघा. मग त्याला साजेसा ॲम्प्लिफायर निवडा. स्नायूंचा डबा मेंदूला लावायचा नाही आणि हृदयाचा डबा झाडाला लावायचा नाही.

"डबा चुकला की तो ओरडून सांगत नाही," मामा म्हणायचे. "तो नुसता गप्प बसतो. आणि तुम्हाला वाटतं, समोर कुणी नाहीच."

त्यांच्या प्रयोगशाळेत एका शब्दाला बंदी होती. 'चालेल.' जो कुणी 'चालेल' म्हणेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. ताईने पहिल्या वर्षी इतका चहा केला की मामी मामांना म्हणाली होती, "भाचीला शास्त्रज्ञ करताय की आचारी?"

मग मामांना झटका आला.

सगळं शरीर गेलं. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. डोळे उघडे असायचे, पण नजर कुठेच नसायची. दवाखान्यातून घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंग टाकला. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळत असेलही, नसेलही.

मामीने ठरवून टाकलं की कळतंय. ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची. शब्दकोडं सोडवताना अडली की त्यांनाच विचारायची आणि उत्तर आलं नाही की रागवायची. "माहितीये तुम्हाला, मुद्दाम सांगत नाही." आम्ही गेलो की आम्हाला हसू यायचं आणि रडूही यायचं.

पण माणूस किती दिवस तग धरणार. एकदा तिने ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझ्या त्या मशीनवर बघ ना गं एकदा. बरे होतील का, ते नको सांगूस. मला फक्त एवढं कळू दे, की मी भिंतीशी बोलत नाहीये."

ताई म्हणाली, बघते.

तपासायची पद्धत मामांनीच तिला शिकवलेली. आधी एक छोटा आवाज करायचा. दोनेक सेकंद थांबायचं. मग दुसरा, ओळखीचा आवाज. असं पुन्हा पुन्हा करायचं. ऐकणारा माणूस जागा असला तर त्याला सवय होते. पहिला आवाज झाला की त्याचा मेंदू दुसऱ्याची वाट बघायला लागतो. आणि ती वाट बघत असताना कागदावरची रेघ हळूहळू वर चढते. दुसरा आवाज आला की खाली येते.

मामा तिला वाट बघणारी रेघ म्हणायचे.

ही रेघ फार सावकाश चढते. तिला सावकाश संकेत पकडणारा ॲम्प्लिफायर लागतो. तो संस्थेत होता. पण तो बाहेरच्या विजेची कुरकुर अडवणाऱ्या तांब्याच्या जाळीच्या खोलीत, लोखंडी मांडणीला स्क्रूने ठोकून बसवलेला. तो काढायचा, परवानगी घ्यायची, ते धूड गाडीत घालायचं, तिकडे स्थिर होईपर्यंत ताटकळत बसायचं. ताईने अर्ध्या दिवसाचीच रजा टाकली होती. आणि कपाटात समोरच निळा डबा होता. हलका, चार्ज केलेला, एका हातात उचलता येणारा.

तो स्नायूंसाठीचा डबा, मामांनीच बनवलेला. स्नायूंचे संकेत भरभर येतात. त्यात माणूस हलला, श्वास घेतला, तर रेघ डुलू नये म्हणून तो डबा सावकाश येणारं जे जे असेल ते कचरा समजून फेकून देतो. तो बनवलाच तसा आहे.

ताईला हे माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

तिने निळा डबा उचलला आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्याने म्हणाली, "चालेल."

चहा मागायला तिथे कुणीच नव्हतं.

मामांच्या डोक्याला संकेत पकडणाऱ्या चकत्या चिकटवल्या. डबा उशाशी ठेवला. ताई चमच्याने काचेच्या पेल्यावर वाजवायची... टिक. दोन सेकंद गेले की मामी पलंगाजवळून हाक मारायची, "अहो."

टिक... अहो.

टिक... अहो.

दुपार सरेपर्यंत हेच चाललं होतं. मामीचा आवाज बसला, पण तिने एकदाही कंटाळा केला नाही.

रेघ सपाट राहिली.

इथे ताईने बोलायला हवं होतं. मामी, मी चुकीचा डबा आणलाय, उद्या बरोबर आणते. एवढं एकच वाक्य. पण मामी तिच्या तोंडाकडे बघत होती, बाहेर अंधारून यायला लागलं होतं, आणि ताईला स्वतःच्याच चुकीची लाज वाटली. ती म्हणाली, "नाही मामी. काही दिसत नाहीये. मी योग्य तेच मशीन लावलं होतं."

हे पहिलं खोटं.

त्या दिवसापासून घर बदललं. कुणी भांडलं नाही, कुणी मामांची आबाळ केली नाही. वेळच्या वेळी औषध, वेळच्या वेळी कूस बदलणं, सगळं होतं. फक्त मामी बोलायची थांबली. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहायला लागलं. पलंग आतल्या खोलीत गेला, कारण पुढच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना अवघड वाटायचं. मामांच्या हत्यारांची पेटी कुणाला द्यायची याची चर्चा त्यांच्याच उशाशी झाली. मीही होतो तिथे. मीच म्हणालो होतो की मला पेचकस ठेवा.

आणि एकदा मामी, थकून, पाठीमागे उशी लावता लावता म्हणाली, "सुटा आता लवकर. मला नाही होत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा गेले.

ताई रडली नाही. तिचं खाणं तुटलं, झोप गेली. मी विचारलं तर म्हणाली, "निळा डबा त्यांच्या उशाशी होता रे. डोळे उघडे होते त्यांचे. त्यांनीच बनवलेला डबा. त्यांना बघूनच कळलं असणार की मी काय आणलंय."

मी म्हणालो, मामीला सांगून मोकळी हो. ती म्हणाली, "सांगू काय? की ते ऐकत होते? तू पेचकस मागितलास ते, ती सुटा म्हणाली ते?"



आता तो रविवार.

झाडांच्या संकेतांवर काम करणाऱ्या एका बाईंना दुसऱ्या दिवशी सावकाश संकेतांचा तो मोठा ॲम्प्लिफायर हवा होता. ताई तो तपासायला गेली. रविवारी लिफ्ट, पंखे, बाकीची मशीनं बंद असतात, त्यामुळे विजेची कुरकुर कमी. तपासणी सोपी असते. संकेत आत घेणारी त्याची दोन्ही तोंडं एका तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. म्हणजे आत काही येतच नाही. कागदावर सरळ रेघ उमटली पाहिजे.

तिने जाळीच्या खोलीचं दार लावलं. तार जोडली. कागद सुरू केला. पेन सरळ चालायला लागलं.

सगळं ठीक होतं.

आणि मग... गुणगुण थांबली.

त्या इमारतीत विजेची एक बारीक गुणगुण कायम असते. ती इतकी सवयीची झालेली की ती आहे हेच कुणाला जाणवत नाही. ती थांबल्यावर ताईला जाणवलं. तिने वर बघितलं. दिवा चालू होता. कागद पुढे सरकत होता. वीज होती. नुसता आवाज नव्हता.

इतकी शांतता की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

आणि त्या शांततेत...

टिक.

ताईला वाटलं, पाइप असेल. ऊन लागलं की पाइप वाजतात.

पेन हळूहळू वर चढायला लागलं.

चढलं, आणि वरच थांबलं.

ताई या कामात मुरलेली. घाबरण्याआधी तिने कारण शोधलं. तार बदलली. प्लग काढून परत लावला. खुर्चीवरून उठून लांब उभी राहिली. पेन एकदाचं सावकाश खाली आलं, आणि तिने सुटकेचा श्वास टाकला.

टिक.

पुन्हा वर.

मग तिने जे केलं ते मामांनीच केलं असतं. ती बाहेर गेली, कपाटातून निळा डबा आणला आणि त्याच जागी जोडला.

टिक... रेघ सपाट.

टिक... सपाट.

तिने पुन्हा मोठा ॲम्प्लिफायर लावला.

टिक... आणि पेन चढायला लागलं.

जिवंत माणसाची ही रेघ इतकी बारीक असते की अनेक वेळा नोंदून सरासरी काढावी लागते, तेव्हा कुठे दिसते. इथे नुसत्या डोळ्यांना दिसत होती. आणि जोडलेलं काय, तर तारेचा एक तुकडा.

ताई खाली जमिनीवर बसली. तिने हाक मारली.

"मामा."

पेन थरथरलं. पण खाली आलं नाही.

तिला कळलं की हाक तिची नकोय.

दुसरं कुणी असतं तर दार लावून पळालं असतं. ताई गाडी काढून मामीकडे गेली. मला विचाराल तर ते भीतीने नव्हे, अपराधाने. भीती वाटणाऱ्या माणसाचे पाय तिकडे वळले नसते. तिने मामीला काय सांगितलं? "एक मशीन तपासायचंय, दुसऱ्या माणसाचा आवाज लागतो, येतेस का?" मामीने चप्पल घातली आणि निघाली.

मामी त्या जाळीच्या खोलीत कधी आली नव्हती. तिने सगळीकडे बघितलं. "इथे बसायचे होय दिवसभर," म्हणाली. "घरी पंख्याचा आवाज झाला तरी तक्रार."

ताईने तिला खुर्ची दिली. दार लावलं.

गुणगुण थांबली.

टिक.

ताईच्या हातात चमचा नव्हता. पेला नव्हता. पण मामीने त्या दुपारी इतक्या वेळा ते केलं होतं, की तिला कुणी सांगावं लागलं नाही. दोन सेकंद गेले, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं.

"अहो."

पेन खाली आलं.

ताई म्हणते, तसं पेन उतरताना तिने आयुष्यात बघितलं नव्हतं. सावकाश, अलगद, दिवसभर दमलेला माणूस घरी येऊन टेकतो तसं. रेघ सरळ झाली. बाहेरची गुणगुण परत आली. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिला वाटलं, संपलं. त्यांना एवढंच हवं होतं.

मामी कागदाकडे बघत होती. चढलेल्या आणि उतरलेल्या त्या एका रेघेकडे.

मग तिने न वळता विचारलं, "त्या दिवशी ही अशीच वर गेली होती का गं?"

ताईला अजून ते वाक्य तसंच्या तसं ऐकू येतं.

खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. मामी आपणहून विचारत होती. ताईने तोंड उघडलं. आणि तिला दिसला आतल्या खोलीतला पलंग. पाठीमागे उशी लावणारे मामीचे हात. सुटा आता लवकर. हे सगळं या बाईच्या पदरात टाकायचं, या वयात?

"नाही मामी," ताई म्हणाली. "त्या दिवशी सपाटच होती. तेव्हा काहीच नव्हतं."

ती म्हणते, मी मामीसाठी खोटं बोलले. आणि लगेच म्हणते, नाही, स्वतःसाठी.

मामीने मान हलवली. पर्स उचलली. दोघी दाराकडे वळल्या.

मागे...

टिक.

पेन चढलं. मघाच्या उंचीला थांबलं नाही. चढतच राहिलं. कागदाची कड आली, तिथे अडलं, आणि कडेला धडका द्यायला लागलं. शाई ओघळली. ताईने मशीन बंद केलं. प्लग काढला. तारेचा तुकडा उपटून फेकला.

पेन वरच राहिलं.

मामी दाराच्या चौकटीत उभी होती. "अहो" म्हणाली नाही. तिने एकदा पेनाकडे बघितलं आणि एकदा ताईकडे, आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."

त्याला आता बराच काळ झाला. तो ॲम्प्लिफायर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला. दुरुस्त करणारा म्हणाला, यात काही बिघाड नाही. त्याच्याकडे रेघ सरळ येते. बाकी कुणी लावला तरी सरळ येते. ताईने हात लावला की कडेला जाऊन उभी राहते आणि खाली येत नाही. ताई आता फक्त स्नायूंचं काम करते. निळ्या डब्यावर.

मी तिला म्हणालो, अजून सांग ना मामीला. काय बिघडलंय? ती म्हणते, आज नको. असं 'आज नको' करत करत दिवस चाललेत.

आणि एक गोष्ट राहिली. मामी आता ताईकडेच राहते; त्या दिवशी ताईने तिला परत सोडलंच नाही. एकटीला त्या घरात ठेवणं कुणालाच बरं वाटेना. हसते, बोलते, शब्दकोडं सोडवते, ताईच्या भाजीला नावं ठेवते. सगळं छान आहे.

फक्त सकाळचा चहा.

मागच्या आठवड्यात मी तिथे होतो. तिघं टेबलाशी बसलो होतो. मामीने साखर घातली, चहा ढवळला, आणि चमचा पेल्यावर हलकेच आपटला.

टिक.

मी आपला माझ्या नादात होतो. मग माझ्या लक्षात आलं की टेबलावर कुणीच बोलत नाहीये. ताईची मान खाली होती. चहा तसाच पडला होता.

आणि मामी चमचा हातात धरून ताईकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती... वाट बघत होती.

मी ताईला नंतर विचारलं, हे कधीपासून?

"रोज," ताई म्हणाली. "त्या रविवारपासून रोज."